एचआयव्ही असल्याचं कोण सांगतं, कोण लपवतं, आणि ते कशावर ठरतं

प्रश्न एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "मॅडम, फील्डवर्कमध्ये दोन पुरुष पेशंट पाहिले. दोघांचा रिपोर्ट एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आला. एकानं त्याच रात्री बायकोला सांगितलं. दुसरा जास्त शिकलेला, चांगल्या नोकरीतला, तरी सहा महिने झाले गप्प आहे. माणूस सांगतो की लपवतो, हे नक्की कशावर ठरतं? आणि आपण त्यांना सांगायला लावायचं का?"

तुझ्या प्रश्नातलं "जास्त शिकलेला, तरी" हे आधी बाजूला काढू. शिक्षणाचा आणि सांगण्याचा असा सरळ संबंध मला तरी दिसलेला नाही. उलट ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त, तो जास्त दिवस गप्प राहतो. कोल्हापुरात समुपदेशक म्हणून इतकी वर्षं बसल्यावर माझं मत असं झालंय, की हे सांगणाऱ्याच्या धाडसावर कमी आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे यावर जास्त ठरतं. घर कुणाच्या नावावर आहे, पोरं कुणाकडे राहतील, पगार कुणाच्या हातात पडतो, गावात तोंड कोण उघडेल. ज्याच्या हातात आपलं काहीच नाही त्याला माणूस पटकन सांगून टाकतो. हायवेच्या धाब्यावर एक ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरला सांगतो, आणि तोच माणूस घरी बायकोसमोर दोन-दोन वर्षं गोळी 'पित्ताची' म्हणून खातो. (इथली सगळी उदाहरणं मी गाव, धंदा, नातं बदलून देतेय. तूही प्रबंधात तसंच कर.)

आणि "सांगितलं का?" असा प्रश्नच विचारू नकोस. "कुणाकुणाला माहीत आहे?" असं विचार. बहुतेकांनी कुणाला तरी सांगितलेलं असतं आणि बाकीच्यांना नसतं. आईला माहीत, वडलांना नाही. बायकोला माहीत, मेहुण्याला नाही. एकाच माणसाला आपण या खुर्चीवरून धाडसी म्हणू आणि त्या खुर्चीवरून भित्रा.

आता रिपोर्ट घरात आधी कुणाचा आला, ते बघ. यावर पुढचं निम्मं ठरून जातं. पुरुषाला बहुधा टीबी होतो, वजन उतरतं, नागीण उठते, मग डॉक्टर तपासणी सांगतात. बाईचं तसं नाही. ती धडधाकट असते, दिवस गेलेले असतात, गरोदरपणाच्या पहिल्या रक्त तपासणीत एचआयव्हीची चाचणी होते आणि घरातला पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट सुनेच्या नावानं निघतो. नवरा तोवर एकदाही तपासलेला नसतो. विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला हे त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं, पण घरात पहिलं वाक्य निघतं ते "हिनंच आणलं". लग्नाला वर्ष झालेली पोर ही भीती घेऊन आपल्यासमोर बसलेली असते आणि आपण तिला म्हणतो, "घरी जाऊन मिस्टरांना सांगा." तिनं सांगितलं नाही तर फाईलमध्ये लिहितो, 'नकार'.

अशा वेळी तिच्या तोंडून काही वदवून घेण्याआधी नवऱ्याला तपासणीला आणणं जास्त कामाचं. "बाळासाठी आई-वडील दोघांची रक्त तपासणी करतो" हे वाक्य खरंही आहे आणि सोपंही. दोघांना एकत्र बसवून, दोघांची संमती घेऊन, दोघांचे रिपोर्ट एकत्र सांगितले तर तिला घरी जाऊन काही सांगायचंच उरत नाही. त्याचाही पॉझिटिव्ह आला तर दोष देणारं बोट निम्मं खाली येतं. निगेटिव्ह आला तर तो पहिला धक्का आपल्यासमोर बसतो, घरच्या दार लावलेल्या खोलीत नाही. माझ्या अनुभवात नवऱ्यासोबत तपासणी झालेल्या बायका पुढं उपचारात टिकतात आणि एकट्या बाईवर सांगण्याचा भार टाकला की ती तारखेलाच यायची बंद होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज इथं फार मोठं काम करतो. बाळ जन्मल्यापासून त्याला नेव्हिरापिनचं औषध रोज पाजायचं असतं, दीड महिन्याचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी, आणि शेवटचा निकाल दीड वर्षानं. एवढं सगळं ज्या घरात बाळंतीण झोपते तिथं लपत नाही. त्यामुळं बाईच्या बाबतीत कळणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा तिची आई. मग बहीण. भाऊ बराच नंतर, वडील सर्वांत शेवटी, आणि कित्येकदा कधीच नाही. आई पहिली का? माया तर आहेच, पण आईला सांगितल्यानं घर जात नाही. सासूला सांगितल्यानं जाऊ शकतं.

घर जातं म्हणजे काय हे विधवा बाईकडे बघून कळतं. नवरा गेला, जमीन सासऱ्याच्या नावावर, उसाचं बिल सासऱ्याच्या खात्यावर. रिपोर्ट कळला की पहिल्यांदा ताट वेगळं होतं, मग खोली वेगळी, मग "पोरगं ठेव आणि तू माहेरी जा". कागदोपत्री तिचा हक्क शाबूत असतो. पण कागद काढायला तलाठ्याकडे जायचं, वकिलाकडे जायचं, तर भाड्याचे पैसेही सासऱ्याकडेच. ती गप्प राहते यात भित्रेपणा कुठंय? तिनं हिशेब बरोबर मांडलेला असतो.

कमाई कशातून होते याचाही असाच परिणाम. घरी दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत दूध जातं, दहा दिवसांनी बिल येतं. ती बाई मला विचारते, "मॅडम, माझं दूध संस्थेत घेतील का?" म्हशीच्या दुधातून, हाताच्या स्पर्शातून एचआयव्ही जात नाही हे तिला माहीत आहे, मीच शिकवलंय. पण संस्थेत कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांना कुणी शिकवलंय? खानावळीला भाकरी देणारी, शाळेत पोषण आहार शिजवणारी, ब्युटी पार्लर चालवणारी, यांचं तेच. याउलट फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणारा किंवा शिरोली एमआयडीसीत लेथवर उभा राहणारा माणूस सुपरवायझरला सांगतो तेव्हा लोखंडाला काही फरक पडत नाही. तरीही नोकरीच्या ठिकाणी कुणालाही सांगायचं कायद्यानं बंधन नाही आणि मी सहसा तसा सल्लाही देत नाही. रजेसाठी 'दर काही महिन्यांनी दवाखान्यात जावं लागतं' एवढं पुरतं.

इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कामगार बघ. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून आलेले, एका खोलीत आठ-दहाजण, पाळीपाळीनं झोपणारे. तुला वाटेल, घरापासून हजारो किलोमीटर लांब आहेत, त्यांना कसली भीती? पण ती खोली म्हणजे अख्खं गाव असतं, सगळे एकाच तालुक्यातले. इथं रात्री कळलं की सकाळी फोनवरून गावी कळतं, आणि गावी बायको सासऱ्यांसोबत राहते. असा माणूस गोळीचा डबा कारखान्यातल्या खोक्यामागं ठेवतो आणि पाळी बदलली की गोळी चुकते.

गोळ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगते. उपचारांनी या सगळ्या गोष्टीचं रूप दोनदा पालटलं. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. त्याआधी माणूस सांगो न सांगो, शरीरच सांगायचं. गाल बसायचे, खोकला राहायचा, गाव ओळखायचं. औषधं आली आणि पहिल्यांदाच लपवता येऊ लागलं. २०१७ पासून सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आलं. आता तर बहुतेकांना रोज एकच गोळी असते, डोलुटेग्राव्हिर असलेली. तब्येत ठणठणीत, अंगावर काही खूण नाही. म्हणजे सांगण्याची सक्ती गेली आणि निवड आली. लोक म्हणतात, "मग सांगूच कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच असतं, की घरात निदान एका माणसाला माहीत असलेला पेशंट गोळ्यांना जास्त टिकतो. प्रवासात डबा विसरला तर कुणीतरी आठवण करतं, जत्रेला चार दिवस गावी गेलं तरी गोळी चुकत नाही. डब्याचं लेबल खरवडून तो सुपारीच्या डबीत रिकामा करणाऱ्यांची मात्र गोळी नेमकी पाहुणे आल्यावर चुकते.

दुसरा पालट यापेक्षा मोठा आहे आणि तो अजून आपल्या लोकांपर्यंत नीट पोचलेला नाही. नियमित उपचारांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे पोस्टरवरचं वाक्य म्हणून सांगू नकोस, कुठून आलं ते सांग. २०११ मध्ये एका मोठ्या संशोधनाचा निकाल आला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. भारतातून पुणे आणि चेन्नई त्यात होते. लवकर उपचार सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. मग २०१९ मध्ये युरोपातल्या अभ्यासात ७८२ पुरुष-पुरुष जोडपी, निरोधाशिवाय संबंध, पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू दबलेला, आणि त्याच्याकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत म्हटलं.

याचा सांगण्याशी काय संबंध? माणूस अडतो तो पहिल्या वाक्याला नाही, दुसऱ्याला. "मला एचआयव्ही आहे" हे तो आरशासमोर शंभर वेळा म्हणून आलेला असतो. त्यानंतर समोरची व्यक्ती म्हणणार, "मग मला?" आणि तिथं त्याच्याकडे काही नसतं. ज्याच्या हातात व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्या तपासणीचा, कागद आहे त्याच्याकडे दुसरं वाक्य तयार असतं: "तुलाही तपासून घेऊ, आणि इथून पुढं माझ्याकडून तुला लागणार नाही." उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी ही तपासणी होते. सहा महिने गप्प असलेला तुझा पेशंट कदाचित याच कागदाची वाट बघत असेल, स्वतःला न कळत. त्याचा लोड झालाय का, ते आधी बघ. मात्र तोवरच्या काळात निरोध पाहिजेच, आणि बायकोची तपासणी त्या कागदासाठी थांबवता येत नाही, हेही त्याला ठणकावून सांग. दबलेला विषाणू बाकीच्या गुप्तरोगांपासून वाचवत नाही, आणि अंगावर पाजण्याच्या बाबतीत 'शून्य' हा शब्द वापरायचा नाही, तिथं डॉक्टरांचा सल्ला वेगळा घ्यायचा.

मग प्रश्न येतो, "कुठनं आलं?" मला विचारशील तर लोकांना आजाराची भीती या प्रश्नापेक्षा कमी आहे. टीबी सांगताना कुणी विचारत नाही कुठून आला. इथं पहिलाच प्रश्न तो, आणि त्याचं उत्तर म्हणजे माणसाचं सगळं खासगी आयुष्य. पुरुषांशी संबंध असलेला विवाहित माणूस एचआयव्ही सांगतो तेव्हा तो एक नाही, दोन गोष्टी सांगतो, आणि दुसरी त्याला पहिलीपेक्षा जड वाटते. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातल्या जोगतिणीला, म्हणजे देवीला सोडलेल्या बाईला, उलटा त्रास: तिला कुणी विचारतच नाही, लोकांनी उत्तर आधीच धरलेलं असतं. हा प्रश्न येणारच, म्हणून पेशंटला त्याची तयारी करून घे. "ते मी आत्ता सांगणार नाही, आत्ता तुझी तपासणी महत्त्वाची" असं म्हणायला परवानगी आहे हे कित्येकांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं, सांगायचं म्हणजे सगळी कबुली द्यायची.

आता एक कडू बाजू. बहुतेक लोकांची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेलीच नसते, दुसऱ्यानं फोडलेली असते. एका खासगी दवाखान्यात (नाव घेणार नाही) माझ्या ओळखीच्या बाईच्या बाळंतपणाच्या केसपेपरवर लाल शाईनं मोठ्ठं लिहून तो पलंगाच्या पायथ्याला अडकवला होता. भेटायला आलेल्या जावेनं वाचला. दुसऱ्या एका ठिकाणी वॉर्डातून ओरडून विचारलं, "ते एआरटीवालं कोण?" ज्याच्या बाबतीत एकदा असं झालं, तो पुढं डोळ्यांच्या डॉक्टरलाही सांगत नाही. आणि मग गुंता होतो. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या डोलुटेग्राव्हिरसोबत एकदम उपाशीपोटी घेतल्या, किंवा पित्तावरची पातळ औषधं त्याच्यासोबत केव्हाही घेतली, तर त्याचा जोर कमी होतो, मध्ये काही तासांचं अंतर लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोस दुप्पट करावा लागतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं प्रमाण बघावं लागतं. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला सांगणं म्हणून मी घरच्यांपेक्षाही आधी ठेवते. तो ऐकून तोंड वाकडं करेल हे खरं. तरी निदान गोळीचं नाव तरी सांग, असं मी पेशंटला म्हणते.

कोल्हापूर तसं छोटं. रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात. म्हणून कागलकडचा माणूस मिरजेला जाऊन गोळ्या घेतो आणि मिरजेकडचा आमच्याकडे येतो. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, आवारात एकाच गावचे दोघं समोरासमोर येतात, बघतात आणि न बोलता मान फिरवतात. गावी गेल्यावर दोघंही एकमेकांविषयी अवाक्षर काढत नाहीत. इतका भरवसा सख्ख्या भावांत नसतो. लांबच्या केंद्रावर जायला बसचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी जाते, ती लोक गुपिताची किंमत म्हणून मोजतात. आपण मात्र "जवळच्या केंद्रावर बदली करून घ्या" असं सोयीचं म्हणून सुचवतो. सुचव, पण दुसऱ्यांदा आग्रह करू नकोस.

सवलतींचं असंच. संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करायचा तर कागद तलाठ्यामार्फत जातात. एसटीची सवलत घ्यायची तर कार्ड कंडक्टरला दाखवायचं, आणि कंडक्टर शेजारच्या गावचा असतो. पैशाची फार नड असलेला माणूस दाखवतो, थोडी नड असलेला खिशातून तिकीट काढतो.

कायद्याचं तुला पाठ असेल, तरी आपल्या कामापुरतं बोलते, कारण "सांगायला लावायचं का" याचं उत्तर बरंचसं तिथं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. त्याच्या कलम ८ नुसार न्यायालयाचा आदेश सोडला तर कुणालाही स्वतःची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अटही घालता येत नाही. कलम १० मध्ये पॉझिटिव्ह व्यक्तीवर दुसऱ्याला लागण न होण्याची खबरदारी घेण्याची जबाबदारी आहे. आधी सांगणं हा त्यातला एक मार्ग आहे, एकमेव नाही. आणि कलम ९ आपल्याला, म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशकाला, जोडीदाराला सांगण्याची मुभा देतं. पण उठून लगेच नाही. जोडीदाराला खरोखर मोठा धोका असला पाहिजे, पेशंटला आधी समुपदेशन केलेलं असलं पाहिजे, तो सांगणार नाही अशी खात्री झालेली असली पाहिजे, आणि 'मी सांगणार आहे' हे त्याला कळवलेलं असलं पाहिजे. मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करूनच सांगायचं. फोनवर नाही, चिठ्ठीनं नाही. आणि पेशंट बाई असेल, तिला टाकून दिलं जाण्याचा किंवा तिच्या, मुलांच्या सुरक्षिततेला धोका असेल, तर तिच्या नवऱ्याला आपण सांगायचंच नाही, कायदा तिथं मनाई करतो. कलम १० मध्येही मारहाणीची वगैरे भीती असलेल्या बाईला सूट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना माजघर माहीत होतं असं मला यावरून वाटतं. याआधीचा काळ आठव. १९९८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं पॉझिटिव्ह व्यक्तीच्या लग्नाच्या हक्कावरच गदा आणणारं मत नोंदवलं होतं आणि ते दूर व्हायला २००२ उजाडलं. त्या चार वर्षांत लोक का गप्प बसले असतील याचा तूच विचार कर.

कलम ९ प्रत्यक्ष वापरायची वेळ क्वचित येते. "पुढच्या तारखेपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल, आणि आवडेल तर आपण दोघं मिळून सांगू" एवढं शांतपणे म्हटलं की बहुतेक पुरुष तिसरा पर्याय उचलतात. ओझं उचलायला दुसरा हात हवा असतो त्यांना.

मुलांबद्दल तू विचारलं नाहीस, पण प्रबंधात ते नसेल तर मी नापास करीन. जन्मापासून पॉझिटिव्ह असलेली मुलं आता वीस-पंचवीसची झालीत. त्यातल्या कित्येकांना आजी-आजोबांनी वाढवलं. आजी म्हणते, "रक्त कमी हाय तुझं, म्हणून गोळी खा." पोरगं नवव्या वर्षी खातं, तेराव्या वर्षी विचारतं, "रक्त अजून भरलं न्हाई का?" आणि एक दिवस गोळी टाकून देतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सांगितलंय की शाळेत जाणाऱ्या वयात मुलांना त्यांची स्थिती कळली पाहिजे, वयाप्रमाणे हळूहळू, एकदम नाही. आजीची भीती एकच असते: पोर शाळेत बोलेल. ती भीती खोटी नाही. पण आमच्या भिंतीवर पोस्टर आहेत, मूल वाचायला शिकलेलं आहे, आणि दर वेळी त्याच खोलीत येतं. बहुतेक मुलांना आधीच कळलेलं असतं. 'आपल्याला कळलंय' हे घरी बोलायचं नाही, एवढंच ती शिकलेली असतात. मी अशा मुलाला विचारते, "तुला काय वाटतं, ही गोळी कशाची?" बऱ्याचदा उत्तर अचूक येतं आणि बाहेर बसलेली आजी दचकते. त्यानंतर आजीशी बोलणं सोपं जातं. शाळेला कळवण्याची गरज नसते. कळवायचंच असेल तर एका विश्वासू शिक्षकाला, आणि तेही मुलाला विचारून.

हीच मुलं आता लग्नाची झाली. स्थळ बघताना कधी सांगायचं? माझं मत ठाम आहे: साखरपुड्याआधी, आणि घरच्या मध्यस्थामार्फत नाही, त्या दोघांनी एकमेकांशी बोलून. मध्यस्थाला सांगितलं की नकार तर येतोच, वर बातमी चार तालुके फिरते.

आता तू खोलीत नेमकं काय करायचं. "सांगाच" म्हणू नकोस आणि "तुमची मर्जी" म्हणून हातही झटकू नकोस. विचार: सांगितल्यावर पहिल्या रात्री ती व्यक्ती काय करेल? दुसऱ्या दिवशी कुणाला फोन करेल? घरात दारू आहे का, हात उगारण्याची सवय आहे का? असेल तर बाईला एकटीनं घरी सांगू देऊ नकोस. त्या व्यक्तीला इथं बोलाव, किंवा आधी माहेरचं एक माणूस तयार कर. वेळ ठरव. रात्री जेवणानंतर नको, सणावारी नको, बेंदराच्या किंवा जत्रेच्या दिवशी घर भरलेलं असतं तेव्हा तर नकोच. वाक्य पाठ करून घे, तुलाच बायको समजून त्याला बोलायला लाव. ऐकणारा पहिल्यांदा जे बोलतो ते त्याचं शेवटचं मत नसतं, हे आधी सांगून ठेव. पहिल्या आठवड्यात "तोंड बघणार नाही" म्हणणारा भाऊ चौथ्या महिन्यात गोळ्या न्यायला स्वतः आलेला मी पाहिलाय. कधी आलेलाच नाही, असाही पाहिलाय. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर १०९७ हा मोफत क्रमांक लिहून दे, पण कागदावर नुसता आकडा लिही, वर 'एड्स हेल्पलाइन' असं शीर्षक नको.

तुझ्या त्या दोघांपैकी पहिल्याकडेही परत जा. त्याच रात्री सांगितलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं धरू नकोस. त्याची बायको तपासणीला आली का? आली नसेल तर त्या घरात एकानं सांगितलंय आणि दुसरीनं अजून ऐकलेलं नाही. तिला कुणाशी बोलायला मिळतंय का, तेही बघ. नवऱ्यानं गुपित सांगितलं की ते सांभाळायचं काम तिच्यावर येतं, आणि तिच्यासाठी आपल्या फाईलमध्ये रकानाच नसतो.

आणि प्रत्येक फाईलच्या आत, वर नाही, आत, कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही एवढं लिहून ठेव. गोळ्यांची तारीख चुकली की आपण फोन करतो. तो फोन सासू उचलते. "एआरटी सेंटरमधून बोलतेय" म्हटलंस की त्या बाईनं इतकी वर्षं सांभाळलेलं तू चार शब्दांत उधळलंस. पेशंटशी आधीच ठरवून घे, फोनवर कोण म्हणून बोलायचं: बचत गटाच्या मॅडम, शिवणक्लासच्या ताई, जे तिच्या घरात चालेल ते. आणि ती नसेल तर निरोप न ठेवता फोन ठेवून दे.